वाघरीतली दुपार

वायरमनबद्दल कुणी विचारलं की मी घंटांचं सांगतो. लोकांना तेच ऐकायचं असतं. साठी उलटलेला पँटवाला माणूस कानाला हेडफोन लावून, हातात आवाज टिपायचं यंत्र धरून मेंढरांच्या मागं माळानं हिंडतोय, आणि मेंढरू थांबलं की हाही थांबतोय. मी ते रंगवून सांगतो. हसणं होतं, चहा होतो, माणसं उठून जातात. त्याच्या पुढचं मी कुणाला सांगत नाही. तोंड उघडलं की समोरच्याचे डोळे दिसतात. म्हणून लिहायला घेतलंय. शाळा माझी दुसरीपर्यंत झाली, पण हात अजून कापत नाही.

तो खोली बघायला आला तेव्हाच त्याची तऱ्हा कळली होती. गाव आमचं कवठे महांकाळ तालुक्यातलं, माळाचं. घराला लागून एक जाड भिंतींची खोली आहे, माझ्या बापानं लोकर ठेवायला बांधलेली. भाडेकरू येतो तो आधी पाण्याचं विचारतो, मग संडासाचं. ह्यानं काहीच विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली. मग चारी कोपऱ्यांत जाऊन एकेक टाळी. माझी सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, आरतीला आलंय जणू."

"आवाज घुमत नाही," तो म्हणाला. "ही द्या मला."

"लोकरीचा वास हाय तिला. आजून गेला न्हाई."

"राहू द्या की. वास कुठं वाजतोय."

मूळचा साताऱ्याचा. सगळी नोकरी कुपवाडला एका कारखान्यात पॅनेल जोडण्यात गेली. पॅनेल म्हणजे मोटारी चालू-बंद करायची लोखंडी कपाटं, त्यांच्या पोटात वायरींचं जाळं. लग्न केलं नव्हतं. एक विधवा बहीण साताऱ्यात. गावानं पहिल्याच दिवशी त्याला वायरमन नाव दिलं आणि मीही शेवटपर्यंत तेच म्हणत आलो. तो मला मालक म्हणायचा.

कामाच्या खोडी त्याच्या अंगात मुरल्या होत्या. पॅनेलमधल्या प्रत्येक वायरीला आकडा छापलेली पिवळी बारीक नळी घालतात. ह्या गड्यानं ती घरातल्या सगळ्या वस्तूंना घातली होती. छत्रीला आकडा, दाताच्या ब्रशला आकडा, कपाच्या कानाला आकडा. एकदा सकाळी उठून बघतो तर माझ्या काठीला चौऱ्याऐंशी.

"मी काय वायर हाय व्हय?" मी विचारलं.

"हरवली तर सापडेल, मालक."

"मेंढरू हरवतंय. काठी कशाला हरवंल? ती काय चरायला जातीया?"

वायर स्क्रूखाली आवळली की ओढून बघायची, ही दुसरी खोड. दार लावलं की ओढून बघायचा. बुटाची नाडी बांधली की ओढून बघायचा. एकदा सुनेनं दोरीवर वाळत घातलेली धुणी ह्यानं एका टोकापासून ओढून बघितली. "लागलं असं म्हणायच्या आधी ओढून बघावं," हे त्याचं बोलणं. सून म्हणायची, "आवं, ओढल्यामुळंच पडत्यात की."

आणि रोज सकाळी दात घासताना तो पुटपुटायचा. मला वाटायचं स्तोत्र असेल. तसलं काही नव्हतं. आयुष्यात पहिलं पॅनेल जोडलं, त्यातल्या बेचाळीस वायरी कुठून निघून कुठं जातात ते म्हणायचा. आधी उभं, मग उलटं. कधी मधेच अडकला की स्वतःशीच हसायचा, चूळ भरायचा आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा.

आता घंटा. कुपवाडला असताना मोटारसायकलवरनं येताना एकदा एक कळप रस्त्यात आडवा आला आणि ह्याला गाडी बंद करून उभं राहावं लागलं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, हा ऐकत होता. तेवढ्यावरून निवृत्त झाल्यावर आमच्या गावात आला. जत्रेतनं घंटा आणायचा. एकेक कानाशी धरून वाजवायचा, अर्धा तास लावायचा, दुकानदार शेवटी तोंड फिरवून बसायचा. आणि बांधायचा कुणाला? आम्ही पुढं चालणाऱ्या एडक्याला बांधतो. हा मागं रेंगाळणाऱ्या, लंगड्या, आळशी मेंढरांना बांधायचा. म्हणायचा, पुढच्याचं सगळेच ऐकतात.

मग खोलीत बसून टिपलेले ते सगळे आवाज मशीनमध्ये घालायचा. मशीन म्हणजे त्याचा लॅपटॉप. परदेशातल्या कुणीतरी गाणं रचणाऱ्यांसाठी एक प्रोग्राम फुकट वाटलेला होता. पडद्यावर चौकोनी डब्या, आणि डबीला डबी दोरीनं जोडलेली. एका डबीत आवाज ओतायचा, तो दोरीतनं दुसरीत जातो, तिथं हळू होतो, तिसरीत सनईसारखा होतो, शेवटच्या डबीतनं गाणं बाहेर. "हे पॅनेलच आहे, मालक," तो म्हणाला. "फक्त शॉक लागत नाही."

त्यातली एक डबी उघडली की ठिपके दिसायचे. घंटा एकदा वाजली की एक ठिपका. बारीक आवाज वर, जाड आवाज खाली, आणि डावीकडनं उजवीकडं दिवस सरकत जायचा. कानाला हेडफोन लावून ऐकत ऐकत तो एकेक ठिपका हातानं ठेवायचा. मेंढरं सकाळी निघतात तिथपासून सांजेला घरी येतात तिथपर्यंत अख्खा दिवस त्याला मांडायचा होता.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो माऊस ओढून ठिपक्यांभोवती चौकट काढत होता. चौकटीत आले ते ठिपके काळ्याचे निळे झाले. मग त्यानं एक ठिपका धरून ओढला, तर सगळे निळे बरोबर सरकले.

"ही तर वाघर झाली," मी म्हणालो.

वाघर म्हणजे आमचं दोऱ्यांचं जाळं. सांजेला मेंढरांभोवती लावतात. मी सांगितलं तसं तो खुर्चीतनं उठलाच. त्या दिवसापासून आमच्यात चौकटीला वाघर हेच नाव पडलं.

त्याची एक अडचण होती. काही घंटांचा आवाज लांबत जायचा, त्यामुळं ठिपक्याला शेपूट यायचं. अर्धं शेपूट चौकटीत, अर्धं बाहेर. मग तो घ्यायचा का सोडायचा? प्रोग्राम कधी घेत होता, कधी सोडत होता, आणि वायरमन आठ दिवस त्याच्याशी भांडत होता.

मी म्हणालो, "दोन वाडं, म्हंजी दोन कळपांचं तळ, शेजारी बसलं आणि मेंढरू मधी आडवं झालं तर भांडान हुतंच की. आमच्यात त्वांड जिकडं त्याचं मेंढरू. शेपटीला कोण ईचारतंय?"

त्यानं लगेच चार डब्या काढल्या, दोऱ्या जोडल्या, आणि तसं करून टाकलं. आवाज जिथं सुरू होतो ती जागा चौकटीत असली तर ठिपका आत, नाहीतर बाहेर. मी ते गावभर सांगितलं. परदेशातला प्रोग्राम धनगराच्या कायद्यानं चालतो म्हणून सांगितलं. चहाच्या गाड्यावर कुणीतरी बोललं, "दुसरी शिकलेल्या माणसाला मशीन काय कळतंय?" वायरमन तिथंच बसला होता. तो म्हणाला, "निवडणं त्यांच्याइतकं मलाही कळत नाही." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. अजूनही घोळवतो, पण आता वेगळ्या कारणानं.

पुढं त्यानं मला माऊस धरायला शिकवलं. आवाजात नको ते पण यायचं. एसटीचा हॉर्न, शाळेची घंटा, दुसऱ्याच्या बैलाचे घुंगरू. कुठली घंटा आपल्या मेंढराची आणि कुठली उपरी हे माझ्या कानाला लगेच कळायचं. म्हणून ते काम माझं. शिफ्टची कळ दाबून धरायची आणि उपऱ्या ठिपक्यांवर एकेक टिचकी मारत जायची. शिफ्ट धरली की आधी धरलेले सुटत नाहीत, नवे त्यांच्यात मिळतात. सगळे झाले की पुसायची कळ. मग काम जपायची कळ, आणि मशीन बंद.

"पुसायच्या आधी खाली कोपऱ्यात बघायचं," त्यानं पन्नासदा सांगितलं. "तिथं आकडा असतो. वाघरीत आत्ता किती आहेत त्याचा."

मी कधी बघितला नाही. आमच्यात मेंढरं आकड्यानं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. सांजेला मेंढका वाघरीच्या तोंडाशी नुसता उभा राहतो, आणि एखादं कमी असलं तर ते डोळ्यांना टोचतं. मी तसाच वाढलो. एका यंत्रासाठी मी मोजायला लागू? मी मनातल्या मनात म्हणायचो, दिसतंय की सगळं समोर.

एका दुपारी ओट्यावर बसलो असताना त्यानं बापाचं सांगितलं. बाप साताऱ्यात शिंपी होता. म्हातारपणी त्याला विसर पडायला लागला. शेवटी शेवटी दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावत उभा राहायचा, आणि लागत नाही म्हणून रडायचा. वायरमन रजा टाकून त्याच्याजवळ राहिला होता. सकाळच्या त्या बेचाळीस वायरी म्हणजे भक्ती नव्हती, ती रोजची परीक्षा होती.

"ज्याला लागतं त्याला कळत नाही, मालक. दुसऱ्यानं सांगावं लागतं."

"बहिणीला सांगून ठेवा की."

"ती लपवेल. तिची माया आहे माझ्यावर. तुमची नाही."

"ते खरं हाय," मी म्हणालो.

"म्हणून तुम्हाला सांगतो. मी विसरायला लागलो असं दिसलं तर त्याच दिवशी तोंडावर सांगायचं. मग मी माझी सोय बघेन. लोकांच्या दारात उभा राहणार नाही."

मी व्हय म्हणालो. मला त्यात मानच वाटला.

त्याच्या गाण्यात सगळ्यात अवघड भाग दुपारचा होता. सकाळी आणि सांजेला घंटांची नुसती गर्दी असते. दुपारी मेंढरं बाभळीखाली बसून रवंथ करतात, आणि एखादीच घंटा वाजते, माशी हाकलायला मान हलली तर. मग बराच वेळ काही नाही. मग लांब दुसरी. त्या दुपारवर त्याचा अख्खा पावसाळा गेला होता. एकेक ठिपका ठेवायचा, ऐकायचा, केसभर सरकवायचा. मला आधी ते रिकामं वाटायचं. मग एकदा त्यानं लावलं, आणि मी तीस वर्षांपूर्वी वाड्याबरोबर कृष्णाकाठी उसाच्या रानात मेंढरं बसवली होती तिथं जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला धूर गेला म्हणून सांगितलं. चूल विझलेली होती.

तो सांगलीला बँकेत गेला होता त्या दिवशी मी एकटाच मशीनवर बसलो. सांजेच्या भागात सात उपरे ठिपके होते, कुणाच्यातरी सायकलच्या घंटीचे. ते काढायचं त्यानं सांगितलं होतं. बसलो, तर आधी दुपार ऐकायची इच्छा झाली. दुपारभोवती चौकट काढली. दुपार सगळी निळी झाली. ऐकली. मग खालची पट्टी सरकवून सांजेकडं गेलो. दुपार पडद्याबाहेर गेली. शिफ्ट धरली, सात ठिपके टिपले, पुसले. जपायची कळ दाबली. मशीन बंद केलं.

वाघर न सोडताच मी पुढं गेलो होतो. डोळ्यांसमोर सात होते, आणि वाघरीत अख्खी दुपार होती. खाली कोपऱ्यात आकडा आला असणार. तो मी बघितला नाही.

वायरमन संध्याकाळी आला. रोजच्या रिवाजानं त्यानं सगळं काम पेनड्राईव्हवर चढवलं, जुन्याच्या जागी नवं. म्हणजे दुसरी प्रत होती तीही गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात वाघरीची तुटलेली दोरी सांधत होतो. तो अनवाणी आला.

"मालक, दुपार नाही."

"आजून न्याहारी झाली न्हाई. दुपार कुठली?"

"मशीनमधली. सकाळ संपते आणि एकदम सांज लागते. मधे कोरं आहे."

मला तिथंच कळलं. चौकट काढल्यापासून मशीन बंद करेपर्यंत सगळं डोळ्यांसमोरनं गेलं.

"परवा तुम्ही बसला होता. दुपारकडं गेला होता का?"

"न्हाई. सांजंचं तेवढं बघितलं. सात पुसलं, तुमीच सांगितल्यालं."

त्याला शंका आली नाही. मी खोटं बोलेन हे त्याच्या हिशोबातच नव्हतं. तो खाली बसला, मातीत.

"मग मीच पुसली असेल," तो म्हणाला. "पुसली आणि मला आठवत नाही." मग मान वर करून त्यानं माझ्याकडं बघितलं. "मालक, मी पुसली असेल का?"

तो काय विचारत होता ते मला कळत होतं. ओट्यावर मी ज्याला व्हय म्हणालो होतो, तेच तो मागत होता. "मी पुसली" एवढे दोन शब्द. पण मला चहाचा गाडा दिसत होता. गावभर सांगितलेला धनगराचा कायदा दिसत होता. अडाणी म्हातारा मशीनवर बसवला तर दुसरं काय होणार, असं कुणीतरी म्हणताना ऐकू येत होतं.

"आसल," मी म्हणालो. "हल्ली जरा इसरताय तुमी."

"कधीपासून?"

खोट्याला एकटं राहवत नाही. "दोन म्हयनं झालं आसतील," मी म्हणालो. "परवा कुलूप तसंच ठिवून गेल्ता. दूध घेऊन गेला आन परत मागाय आला."

दोन्ही गोष्टी घडल्या नव्हत्या. तो त्या आठवायचा प्रयत्न करत होता. आठवत नाहीत हे बघून त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो उठला, पँटची माती झटकली.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "दुसरं कुणी सांगितलं नसतं."

मूळ आवाज त्याच्याकडं होता. ठिपके तेवढे गेले होते. अजून एक पावसाळा बसला असता तर दुपार परत झाली असती. मी तसं बोललोही, चार दिवसांनी, मोठ्या मनानं बोलल्यासारखं. तो म्हणाला, "कशाला? मी परत पुसेन आणि मला कळणारही नाही."

सांगलीला डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे. हा म्हणाला, सुरुवातीला त्यांनाही कळत नाही. सकाळी वायरी म्हणताना एकतिसाव्याला अडला. पूर्वी हसला असता. आता ब्रश हातात धरून मोरीत बसून राहिला. मोटारसायकल विकली. माझ्याकडनं रोज सांजेला आजचा दिवस वदवून घ्यायला लागला, मी आज कुठं गेलो, काय बोललो. आणि मी सांगायचो. एकदाही तोंडातनं ते दोन शब्द निघाले नाहीत. रोज वाटायचं, उद्या. उद्या आला की कालचा एक दिवस वाढलेला असायचा, आणि तेवढं सांगणं आणखी जड झालेलं असायचं.

बहीण येऊन त्याला साताऱ्याला घेऊन गेली. घंटा त्यानं आमच्या मेंढरांना ठेवल्या. टेम्पो वळून गेल्यावर सून झाडू घेऊन खोलीत गेली, आणि आतनंच म्हणाली, "मामा, त्या दिशी मशीनम्होरं तुमीच बसला हुता न्हवं?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काय कळायचंय. ईचारलं आपलं."

तिनं परत कधी विचारलं नाही. जेवण वाढताना पहिल्यासारखं बोलेना एवढंच.

दीड वर्ष गेलं. तीनदा एसटी स्टँडवर जाऊन परत आलो. चौथ्यांदा गाडीत बसलो तो साताऱ्यातच उतरलो. शाहूपुरीत बहिणीचं घर. तिनं दार उघडलं. वायरमन आत खुर्चीवर इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. बघताक्षणी म्हणाला, "मालक, गुडघा कसा आहे?" मग लंगड्या मेंढीचं विचारलं. तिच्या घंटेला तडा होता, बदलली का, म्हणून विचारलं. कुठल्या पाडव्याला कुठली घंटा कुणाला बांधली ते मला आठवत नव्हतं, त्याला आठवत होतं. बहीण दाराला टेकून ऐकत होती.

मी बसलोही नाही. "वायरमन, दुपार मी पुसली."

तो हसला. "चहा घ्या आधी."

मी सगळं सांगितलं. चौकट काढली, ऐकली, सोडायची राहिली, शिफ्ट धरली, सात टिपले. कुलपाचं आणि दुधाचंही सांगितलं, दोन्ही मनानं रचलेलं म्हणून. तो मान डोलवत ऐकत होता. बोलून झाल्यावर त्यानं बहिणीकडं बघितलं.

"बघ. ह्या माणसानं जन्मात कुणाची भीड ठेवली नाही. आज मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला एवढ्या लांब आलाय."

मी म्हणालो, मशीन काढा, करून दाखवतो. मशीन आतल्या खोलीत चादरीखाली होतं. बहिणीनं लावून दिलं. सकाळभोवती चौकट काढली. पट्टी सरकवली. शिफ्ट धरून सांजेतले सात टिपले. ह्या खेपेला कोपऱ्यातला आकडाही दाखवला, सातापेक्षा कितीतरी मोठा. पुसायची कळ दाबली. परत मागं गेलो. सकाळ कोरी.

"आसं झालं," मी म्हणालो. "आता तरी पटतंय का?"

तो वाकून पडद्याकडं बघत होता. त्याचा डावा हात टेबलावर आला, दोन बोटं दोन कळांवर पडली, आणि गेलेली सकाळ जशीच्या तशी परत आली. मग तो सरळ बसला.

"तुम्हाला सगळं येतंय अजून," तो म्हणाला. "कुठंही अडला नाहीत. मला आता काहीच येत नाही."

"आवं, आत्ता तर तुमी..."

"नको, मालक. बंद करा ते. माझ्याकडून काहीतरी पुसलं जाईल."

बहीण फाटकापर्यंत आली. "त्याचा हात बघितला तुम्ही?"

"व्हय."

"मग तुम्ही सांगितलं ते खरं?"

"व्हय."

तिनं फाटकाची कडी धरली. म्हणाली, "मला विचारल्याशिवाय तो गॅस पेटवत नाही. एकटा कोपऱ्यापर्यंत जात नाही. बाहेर पाटी वाचून दाखवल्याशिवाय स्वतःच्या घरात शिरत नाही." मी खाली बघत होतो. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं दिल्या असत्या तर मी उभा राहून घेतल्या असत्या. ती म्हणाली, "दर महिन्याला यायचं. येऊन हेच सांगायचं. कधीतरी पटेल त्याला."

तेव्हापासून मी दर महिन्याला जातो. गुडघा सुजतो, पण जातो. खुर्चीत बसायच्या आधी सांगतो, मी पुसली. त्याच क्रमानं, काही न गाळता.

परवा गेलो होतो. सांगून झालं. त्यानं माझा हात हातात घेतला. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. म्हणाला, "मालक, रागावू नका. मला सांगायलाच पाहिजे. हे तुम्ही मागच्या महिन्यात सांगितलं होतं. त्याच्या आधीच्या महिन्यातही. शब्दसुद्धा तेच. तुमच्या लक्षात राहत नाही का?"

बहीण काहीतरी बोलायला पुढं आली. मी तिला हातानंच थांबवलं.

तो उठला, कागद शोधला, आणि सुबक अक्षरात त्यावर सांगलीच्या त्या डॉक्टरचं नाव लिहिलं. खाली दवाखाना कुठल्या रस्त्याला, किती जिने चढायचे, तेही लिहिलं. घडी घालून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला. म्हणाला, लवकर गेलेलं बरं असतं, एकटे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सुनेनं सदरा धुवायला घेतला तेव्हा तो कागद तिच्या हाताला लागला. तिनं उलगडून वाचला.

"मामा, डाक्टरचा पत्ता कुणासाठी आणलाय?"

मी म्हणालो, "माझ्यासाठी."